एकट्याने वाचण्याचा हक्क

(द्वितीय वर्ष कला शाखेतील एक विद्यार्थिनी)

'प्रॉक्सी' हा शब्द आपल्या महाविद्यालयात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. सकाळची एस. टी. चुकली, की मागच्या बाकावरून एखादा मित्र आपल्या क्रमांकाला ओ देतो आणि हजेरीपटावर आपण हजर होतो. (प्राध्यापकांनी रागावू नये, प्रस्तुत लेखाचा विषय तो नाही.) परंतु या शब्दाला दुसराही अर्थ आहे. इंटरनेटवर आपल्याऐवजी दुसऱ्याच एखाद्या संगणकाने पुढे होऊन पान मागावे आणि ते आपल्याला आणून द्यावे, म्हणजे मागणारा खरा कोण आणि कुठला हे समोरच्याला कळत नाही. या व्यवस्थेलाही प्रॉक्सीच म्हणतात. या दुसऱ्या प्रॉक्सीविषयी, ती मध्येच चालेनाशी का होते आणि चालते तेव्हा इतकी रेंगाळत का चालते, याविषयी मला लिहायचे आहे. मराठी विषय घेतलेल्या मुलीने यात नाक का खुपसावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर माझ्या आजीपासून सुरू होते.

आजीला अक्षरओळख नाही. आजोबा मुंबईला भाऊच्या धक्क्यावर कामाला असत. त्यांचे पत्र आले, की पोस्टमन आमच्या ओटीवर टेकायचा, पाणी प्यायचा आणि पत्र मोठ्याने वाचून दाखवायचा. ते ऐकायला शेजारच्या चार बायका आपोआप जमत. पैसे किती पाठवले, कोणाचे देणे राहिले, खोकला कमी आहे की नाही, सारे काही आजीच्या बरोबरीने सगळ्या आळीला कळे. उलट काही कळवायचे तर शाळेतल्या गुरुजींपुढे बसून सांगावे लागे. गुरुजी सज्जन होते. पण परक्या माणसासमोर बसून बाई नवऱ्याला काय लिहिणार? "सर्व ठीक आहे, काळजी नसावी" यापलीकडे आपले एकही पत्र गेले नाही, असे आजी हसत हसत सांगते. त्या हसण्याचा अर्थ मला फार उशिरा कळला.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिली. बाबा चौथीपर्यंत शिकले, आई दुसरीपर्यंत. दादाने दहावीनंतर होडी धरली. शिक्षणाने तुला काय दिले असे मला कोणी विचारले, तर नोकरी असे म्हणता येत नाही. पदवीही अजून दूर आहे. शिक्षणाने मला दिले ते एवढेच, की आलेला कागद मी एकटी वाचू शकते. मध्ये पोस्टमन नको, गुरुजी नकोत, ओटीवर जमणारी आळी नको. एवढे मिळायला आमच्या घराला तीन पिढ्या लागल्या. आणि ते हाती येते न येते तोच निसटूही लागले आहे, हे मला गेल्या पावसाळ्यात कळून आले.

होड्या शाकारलेल्या होत्या. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्यामुळे दादा दिवसभर घरी. घरात चांगला फोन एकच, तो दादाचा. एके रात्री आईने मला पडवीत बोलावले आणि सांगितले, की छातीत गाठ हाताला लागते आहे. "कोणाला बोलू नको. आधी त्यात काय लिहिलंय ते बघ." 'त्यात' म्हणजे फोनमध्ये. सगळे निजल्यावर मी दादाचा फोन घेतला आणि तासभर वाचत बसले. वाचून झाल्यावर शोधलेले शब्द पुसूनही टाकले. आपण मोठीच हुशारी केली, असे मला वाटले.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून दादाच्या फोनवर कर्करोगाच्या तपासण्यांच्या, रुग्णालयांच्या आणि विम्याच्या जाहिराती येऊ लागल्या. तो घाबरला. त्याने बाबांना दाखवले, बाबांनी मला विचारले आणि मला खोटे बोलता आले नाही. संध्याकाळी आत्या आली, रात्री शेजारच्या काकू आल्या. आठवडाभराने तपासणीत गाठ साधी निघाली, काळजीचे कारण उरले नाही. पण आई मला एवढेच म्हणाली, "मी तुला सांगितलं होतं गो, गावाला नाही."

यावर कोणी म्हणेल, कळले ते बरेच झाले. म्हणून तर डॉक्टरकडे गेलात! मला हे पटत नाही. डॉक्टरकडे आम्ही दोघी जाणारच होतो. कोणाला, केव्हा आणि किती सांगायचे हे ठरवण्याचा अधिकार आईचा होता. तो कोणीतरी काढून घेतला, आणि काढून घेणाऱ्याला तिचे नावही ठाऊक नव्हते. आजीच्या ओटीवरचा पोस्टमन निदान ओळखीचा होता. आज फोनच्या आत बसून आमचे पत्र मोठ्याने वाचणारा पोस्टमन कोण आणि कुठला, हे आम्हाला माहीतसुद्धा नाही.

या प्रसंगानंतर मी विचारपूस सुरू केली. मिळेल ते वाचले, विज्ञान शाखेत शिकणाऱ्या मैत्रिणीला छळले. पहिली गोष्ट कळली ती ही, की लपायचे म्हणजे कोणापासून लपायचे, हे आधी ठरवावे लागते. ब्राउझरमध्ये 'इन्कॉग्निटो' नावाची सोय असते. आपल्यापैकी पुष्कळजण तिला गोष्टीतल्या अदृश्य करणाऱ्या टोपीसारखी समजतात. प्रत्यक्षात ती खिडकी बंद केली, की आपण काय पाहिले याची नोंद त्या फोनवर उरत नाही, एवढाच तिचा उपयोग. घरातल्या माणसापासून आडोसा म्हणून ती ठीक आहे. माझ्या प्रसंगी कदाचित तेवढाही आडोसा पुरला असता. पण ज्या संकेतस्थळावर आपण गेलो, त्याला आपल्या जोडणीचा पत्ता दिसतोच. आणि आपण कोणकोणत्या संकेतस्थळांवर गेलो, हे जोडणी पुरवणाऱ्या कंपनीला कळू शकते. घराचे दार लावून घेतले म्हणून वाळूवर उमटलेली पावले पुसली जात नाहीत.

ती पावले पुसण्याचे जे उपाय आहेत, त्यांत सर्वांत विचारपूर्वक रचलेला मला वाटला तो 'टॉर'. त्यामागची कल्पना विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत निघाली. २००२ साली टॉर सर्वांसाठी खुले झाले आणि २००६ साली त्याची देखभाल करण्यासाठी नफा न घेणारी एक संस्था स्थापन झाली. टॉर या नावात कांद्याचा इंग्रजी शब्द दडलेला आहे. एकाखाली एक पापुद्रे, म्हणून कांदा. मला मात्र पाकिटांची उपमा सोपी वाटते. समजा, आजीने आपले पत्र एकात एक अशा तीन पाकिटांत घातले. पहिला पोस्टमन वरचे पाकीट फोडतो. आत त्याला फक्त दुसऱ्या पोस्टमनचा पत्ता दिसतो. दुसरा आपले पाकीट फोडतो, तर आत तिसऱ्याचा पत्ता. तिसरा शेवटचे पाकीट फोडून पत्र ज्याचे त्याला पोहोचवतो. पहिल्याला पाठवणारी माहीत, पण पत्र कुठे निघाले ते माहीत नाही. तिसऱ्याला ठिकाण माहीत, पण पाठवणारी माहीत नाही. मधल्याला यांतले काहीच माहीत नाही. हे पोस्टमन म्हणजे जगभर पसरलेले काही हजार संगणक, आणि ते स्वयंसेवकांनी चालवलेले आहेत. कोणाही एकावर पूर्ण विश्वास टाकावा लागू नये, ही त्यातली खरी मेख आहे.

आता संथपणाकडे वळते, कारण टॉर एकदा वापरून पाहणारे बहुतेकजण याच कारणाने ते सोडून देतात. आपल्या भागातल्या माणसाला हे समजायला कठीण जाऊ नये. मांडव्याहून लाँचमध्ये बसले, की साधारण तासाभरात गेटवे ऑफ इंडिया. पण पावसाळ्यात समुद्र खवळला आणि लाँच बंद झाल्या, की तीच मुंबई गाठायला वडखळ, पेण, पनवेल असा वळसा घालावा लागतो. टॉर हा असा जाणूनबुजून घातलेला वळसा आहे. टॉरचे बरेचसे संगणक युरोपात आणि अमेरिकेत आहेत. तेव्हा अलिबागेत बसून मुंबईच्या वर्तमानपत्राचे पान मागितले, तरी ती मागणी सातासमुद्रापलीकडे तीन ठिकाणी थांबून मुंबईला येते आणि पान त्याच वाटेने परत जाते. शिवाय प्रत्येक थांब्यावर गर्दी. स्वयंसेवकाने दिलेली गाडी लहान आणि बसणारे फार. म्हणजे हा संथपणा बिघाड नव्हे. ती पडद्याची किंमत आहे. काही बिघाड मात्र खरोखरच बिघाड असतात, आणि ते दुरुस्त करता येतात. किंमत कोणती आणि बिघाड कोणता हे ओळखणे, यातच निम्मे शहाणपण आहे.

पहिला बिघाड बहुधा आपल्याच अंगणात असतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर धडकले तेव्हा मी शाळेत होते. माड उन्मळले, विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक दिवस फोन मुके होते. त्यानंतर शाळा फोनवर भरू लागली, तेव्हा रेंज मिळवण्यासाठी आम्ही पोरे देवळामागच्या टेकाडावर जाऊन बसत असू. आजही आमच्या वाडीत रेंज भरती-ओहोटीसारखी येते आणि जाते. म्हणून टॉरला नावे ठेवण्याआधी साध्या ब्राउझरमध्ये एखादे पान उघडून पाहावे. तेच रखडत असेल, तर दोष वळशाचा नाही, मूळ रस्त्याचा आहे.

दुसरा बिघाड मला एका संगणक कक्षात भेटला. तिथल्या सरांची परवानगी घेऊन मी टॉरचा ब्राउझर त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून उतरवून घेतला. (तो तिथूनच घ्यावा, कोणी पाठवलेली प्रत घेऊ नये.) जोडणी सुरू केली, पट्टी थोडी पुढे सरकली आणि थांबली. अर्धा तास मी तिच्याकडे पाहत बसले. मग मैत्रिणीने दोन गोष्टी दाखवल्या. एक म्हणजे तिथल्या जाळ्यात शिरताना नाव आणि परवलीचा शब्द विचारणारे पान आधी येते, ते मी भरलेच नव्हते. दारच उघडले नव्हते, तर पत्र जाणार कुठून? दुसरी गोष्ट गमतीची होती. संगणकातला घड्याळाचा सेल संपलेला होता आणि त्याच्या लेखी कित्येक वर्षांपूर्वीचा दिवस चालू होता. पलीकडचा संगणक खरा आहे की तोतया, हे टॉर तारीख घातलेल्या दाखल्यांवरून ताडून पाहते. आपलेच घड्याळ मागे असेल, तर त्याला सगळेच दाखले खोटे वाटतात आणि ते कोणावरच विश्वास ठेवत नाही. तारीख आणि वेळ नीट लावली, तशी मिनिटभरात जोडणी झाली. एवढ्याशा गोष्टीसाठी मी जगाला दोष देत बसले होते!

याशिवाय विषाणूरोधक प्रणालीने टॉरला अडवले आहे का, हे पाहावे. ब्राउझर जुना झाला असेल तर नवा करून घ्यावा. एखाद्या जाळ्यात टॉरच मुद्दाम बंद केलेले असेल, तर 'ब्रिज' नावाची सोय असते. तो जाहीर यादीत नसलेला पहिला पोस्टमन होय. पण त्याने वेग बहुधा आणखी कमी होतो, म्हणून गरज असेल तरच घ्यावा. जोडणी होऊनही एखादे पान रखडले, तर त्या संकेतस्थळापुरता मार्ग बदलून मागता येतो. त्यात मधला आणि शेवटचा पोस्टमन बदलतो. पहिला पुष्कळ दिवस तोच राहतो. ते मुद्दाम तसे केलेले आहे, कारण दररोज नवा दारवान ठेवला, तर त्यांत एखाद्या दिवशी चोर सापडणारच. सुरक्षिततेची पातळी वाढवली, की पानातले हलणारे-डुलणारे भाग बंद पडतात. काही पाने त्यामुळे मोडतात, पण नुसता मजकूर वाचायचा असेल तर ती हलकी होऊन लवकर उघडतात. आणि सिनेमे, मोठ्या फायली असले ओझे या रस्त्याने नेऊच नये. स्वयंसेवकाच्या लहान गाडीत आपण पलंग आणि कपाट घालू लागलो, तर मागच्या रांगेत जीव मुठीत धरून उभा असलेला एखादा माणूस तसाच राहील.

इथे मला माझे मुख्य मत सांगायचे आहे. वेग वाढवण्याचे काही उपाय असे आहेत, की ते पडदाच पातळ करतात. जवळच्याच देशांतले पोस्टमन निवड, मधला टप्पा गाळ, ब्राउझरला चार जोडण्या लाव, असे सल्ले तोंडोतोंडी फिरतात. पण पोस्टमन जितके मोजके, तितके त्यांच्यावर पाळत ठेवणे सोपे. आणि ब्राउझर जितका इतरांपेक्षा वेगळा, तितकी आपली ओळख पटणे सोपे. टॉरचा सारा आधार "सगळे सारखेच दिसतात" या एका गोष्टीवर आहे. पंढरीच्या वाटेवर हजार वारकऱ्यांत मिसळलेला माणूस शोधणे कठीण. त्याने एकट्याने लाल फेटा बांधला, की संपले. तसेच टॉरमध्ये शिरून आपल्याच नावाच्या खात्यात प्रवेश करणे म्हणजे तोंड झाकून घेऊन ओळखपत्र दाखवण्यासारखे आहे. जो वेग पडदा फाडून मिळतो, तो वेग घेण्यापेक्षा पडदा नसलेलाच बरा. निदान आपण उघड्यावर आहोत एवढे तरी आपल्याला माहीत असते.

हीच गोष्ट फुकट मिळणाऱ्या प्रॉक्सींची. त्या टॉरपेक्षा कितीतरी जलद असतात, म्हणून पोरे त्यांच्याकडे धावतात. पण तिथे पोस्टमन एकच असतो. आपल्यासाठी 'हजर' म्हणणारा मित्र आपण त्या दिवशी कुठे होतो हे जाणून असतो, आणि त्याने ते कोणाला सांगायचे हे त्याच्या मनावर असते. फुकटात आपले पत्र नेणारा पोट कशावर भरतो, हा प्रश्न विचारलेला बरा. पैसे घेऊन सेवा देणाऱ्या 'व्ही. पी. एन.' कंपन्यांचे तसेच आहे. त्या जलद असतात, काही प्रामाणिकही असतील, पण विश्वास अखेर एकावरच टाकावा लागतो. २८ एप्रिल २०२२ रोजी 'सर्ट-इन' या केंद्र सरकारच्या संस्थेने आदेश काढून अशा कंपन्यांना ग्राहकांची नावे, पत्ते आणि संपर्काचा तपशील किमान ५ वर्षे जपून ठेवायला सांगितले. त्यानंतर काही परदेशी कंपन्यांनी भारतातले आपले संगणक हलवले. त्या आदेशाच्या बाजूने आणि विरुद्ध बोलण्यासारखे पुष्कळ आहे. पण ग्राहकाने एवढे ध्यानात ठेवावे, की ज्याच्याकडे वही आहे त्याच्याकडे वही मागता येते.

आता कोणी म्हणेल, ज्याच्या मनात पाप नाही त्याने लपावेच कशाला? हा प्रश्न मला वर्गातही विचारला गेला. त्याला माझे उत्तर आपल्याच किनाऱ्यावरचे आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर येथे, तेव्हा ते ठाणे जिल्ह्यात होते, दोन तरुणींना अटक झाली. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर जो बंद पाळला गेला, त्याविषयी एकीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या आणि दुसरीने त्या आवडल्याची खूण केली, एवढेच. त्यांतल्या एकीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोडही झाली. पुढे कायद्याची विद्यार्थिनी श्रेया सिंघल सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्यातले कलम ६६अ घटनाबाह्य ठरून रद्द झाले. न्याय मिळाला, पण मध्ये दोन वर्षांहून अधिक काळ गेला. त्या दोघी तेव्हा साधारण आपल्याच वयाच्या होत्या. त्यांच्या मनात कोणते पाप होते?

त्यांनी नाव लपवले नव्हते. ज्याने नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली होती, त्याचे काय झाले तेही पाहू. सत्येंद्र दुबे हा तरुण अभियंता बिहारमध्ये महामार्गाच्या कामावर होता. कामातला भ्रष्टाचार त्याने २००२ साली पत्राने पंतप्रधानांच्या कार्यालयाला कळवला आणि आपले नाव उघड करू नये असे लिहिले. ते पत्र नावासकट निरनिराळ्या टेबलांवरून फिरले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गयेत त्याचा गोळ्या घालून खून झाला. आपल्या महाराष्ट्रात तळेगाव दाभाडे येथे सतीश शेट्टी माहितीच्या अधिकारात जमिनींचे व्यवहार बाहेर काढीत होते. १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी फिरायला गेले असता त्यांचा खून झाला. आपल्या किनाऱ्यावरही आज जमिनीला सोन्याचे मोल आले आहे. आपल्या गावच्या जमिनीचे काय चालले आहे हे शोधून वाचू पाहणाऱ्या मुलाने आधी चार दिशांना पाहावे असे वाटले, तर त्याला भित्रा म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे?

आणि लपून काम करणारा तो चोरच, असे मानले तर १९४२ सालच्या त्या रेडिओचे काय करायचे? 'चले जाव'च्या लढ्यात मुंबईत काँग्रेस रेडिओ सुरू झाला. २७ ऑगस्टला तो पहिल्यांदा बोलला. भारतातून कुठून तरी बोलत आहोत, इतकाच आपला ठावठिकाणा तो सांगे. पकडले जाऊ नये म्हणून एका घरातून दुसऱ्या घरात यंत्र हलवले जाई. १२ नोव्हेंबरला पोलिसांनी तो पकडला. चालवणाऱ्यांत उषा मेहता होत्या. तेव्हा वय २२, शिक्षण घेत असलेली मुलगी. त्यांनाही संथपणाचा आणि गैरसोयीचा जाच झालाच असेल. आज आपण त्यांना नमस्कार करतो.

दुसरी बाजू मी नाकारीत नाही. याच पडद्याआड अमली पदार्थांचा बाजार भरला होता. 'सिल्क रोड' नावाचा तसला बाजार अमेरिकेच्या पोलिसांनी २०१३ साली बंद केला. पडद्याआडून मुलींना छळणारेही आहेत, आणि त्यांचा त्रास आम्हा मुलींइतका कोणाला माहीत असणार? पण लक्षात घ्या, तो बाजार चालवणारा पडदा असूनही पकडला गेला. भारतात टॉर वापरणे हा स्वतःहून गुन्हा नाही. त्याच्या आडून केलेला गुन्हा मात्र गुन्हाच आहे, आणि तसेच असावे. काळोखात चोऱ्या होतात म्हणून कोणी घराला दारे बसवायची सोडत नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले, की खासगीपण हा प्रत्येक नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. माझ्या आईला हा निकाल माहीत नाही. "मी तुला सांगितलं होतं, गावाला नाही," असे ती म्हणाली तेव्हा तिने तोच हक्क मागितला होता.

माझ्या मते बोलणे आणि वाचणे यांत फरक करावा. जो दुसऱ्यावर आरोप करतो, त्याने शक्य असेल तेव्हा नाव सांगावे. ज्याचा जीव धोक्यात आहे, त्याला त्यातून सूट असावी. पण वाचणाऱ्याला नाव विचारण्याचे कारणच काय? आजाराविषयी, कायद्याविषयी, लग्नाला नकार कसा द्यावा याविषयी, आपल्या जातीविषयी आणि दुसऱ्याच्या धर्माविषयी माणूस वाचतो तेव्हा तो अजून काहीच झालेला नसतो. तो फक्त विचार करीत असतो. विचार करणाऱ्याच्या खांद्यावरून डोकावणे वाईट, मग डोकावणारा भाऊ असो, कंपनी असो की सरकार असो.

म्हणून प्राध्यापकांना आणि विद्यार्थी मित्रांना माझी नम्र सूचना आहे. प्रत्येक महाविद्यालयाच्या संगणक कक्षात किमान एक संगणक असा असावा, की ज्याचा पडदा मागून दिसत नाही आणि जो उठताना आपल्यामागे काही ठेवत नाही. त्याचे घड्याळ बरोबर असावे, एवढ्याला फक्त एक सेल लागतो. कक्षाच्या वहीत नाव आणि वेळ जरूर लिहून घ्यावी. 'कशासाठी' हा रकाना मात्र काढून टाकावा. मी त्या रकान्यात नेहमी 'प्रकल्प' असे लिहिते, आणि बहुतेकजण तेच लिहितात. खोटे लिहायला लावणारा रकाना ठेवून काय मिळते? वर्षातून एक तास प्रथम वर्षाच्या मुलांना हे सांगावे, की कोणता आडोसा कोणापासून वाचवतो आणि कोणता वाचवत नाही. आणि आपण विद्यार्थ्यांनी सिनेमे उतरवण्यासाठी हा रस्ता अडवू नये. टॉर जलद व्हायला खरे उपाय दोनच: वापरणाऱ्यांनी ओझे कमी न्यावे आणि ज्यांना जमते त्यांनी आपल्या संगणकाचा थोडा वाटा द्यावा. सार्वजनिक विहिरीचे जे नियम, तेच इथले.

लेखाखाली माझे नाव नाही, याचे संपादकांना नवल वाटले. नाव सांगण्याची मला भीती नाही. पण लेख पाठवण्याआधी मी तो आईला वाचून दाखवला. पडवीत, दार लावून, हळू आवाजात; कारण ज्याची गोष्ट आहे त्याला विचारल्याशिवाय ती सांगू नये, एवढे मी शिकले आहे. तिने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "लिही गो. पण नाव नको घालू."

तेवढा अधिकार तिचा आहे.